अकराव्या संध्याकाळची काडी

यंदा म्हातारीने जायला साफ नकार दिला.

दर वर्षी भाताची कापणी उरकली, की तिचा मुलगा माळ्यावरून कापडी पिशवी खाली काढायचा. सून तिच्यात कपडे, औषधं आणि वाफेचं यंत्र भरायची आणि म्हातारीला डोंगरापलीकडे लेकीच्या घरी पोचवलं जायचं. अकरा वर्षं हा नेम चालला होता. धुराचे दिवस सरले की दोन महिन्यांनी ती परत यायची, थोडी जाड होऊन आणि बरीचशी चिडून. यंदा पिशवी समोर आली तेव्हा ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिने पिशवीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही ठेव परत वर. मी कुठं जात नाही."

"आई, धूर सुरू झाला म्हणजे?"

"म्हणजे खोकेन. दोन महिने लेकीच्या खुर्चीत शोभेची बाहुली होऊन बसण्यापेक्षा आपल्या घरात खोकलेलं परवडलं. जावई भला माणूस आहे, पण रोज सकाळी विचारतो, झोप लागली का. अरे बाबा, दिवसभर काही काम दिलंस तर लागेल ना झोप."

मुलगा दारात उभा होता. तो मुळातच अबोल. लोकांच्या शेतात ट्रॅक्टर चालवायचा. दिवसभर इंजिनच बोलत असल्यामुळे त्याला वेगळं बोलायची सवय राहिली नव्हती. "डॉक्टर रागावतील," एवढंच तो म्हणाला.

"रागावू देत. आणि कांद्याचं रोप कोण टाकणार? गेल्या वर्षीचं रोप बघितलं ना मी परत आल्यावर. आजारी माणसाच्या दाढीसारखं उगवलं होतं. इथं चार, तिथं दोन."

ते रोप सुनेने टाकलं होतं. तिला राग यायला हवा होता, पण दाढीची उपमा इतकी नेमकी होती की तिला हसू आलं. ते लपवायला तिने पिशवीत तोंड घातलं. आणि तिच्या लक्षात आलं, की म्हातारी गेली की या घरात दोन महिने असं कुणी बोलतच नाही. नवरा मुका आणि भिंती मुक्या. तिने पिशवी रिकामी केली.

खोड त्या जागेतच होती. तीन बाजूंनी डोंगर, चौथी बाजू समुद्राकडे उघडी आणि मधे सपाट भातशेतं. एखादं सूप जमिनीवर ठेवावं तशी. गाव सुपाच्या पार आतल्या कडेला, डोंगराला पाठ लावून. उन्हाळ्यात खारा वारा सकाळी दहाला सुटला की दिवेलागणीपर्यंत थांबायचा नाही. पावसाळ्यात हवा घासलेल्या ताटासारखी लख्ख असायची. पण कापणीनंतर थंडी पडायला लागली की खारा वारा आळसावायचा. दुपारी तास-दोन तास तोंड दाखवायचा आणि चार वाजता गपगार. मग डोंगरावरची गार हवा हळूहळू खाली उतरायची आणि सुपाच्या तळाला बसून राहायची, वर झाकण ठेवल्यासारखी. शेतकरी पेंढ्याला काडी लावायचे ते नेमके त्याच वेळी, कारण दुपारच्या वाऱ्यात आग आवरत नाही. मग तो धूर समुद्राकडेही जायचा नाही आणि डोंगरही ओलांडायचा नाही. सूपभर धूर आणि त्यात गाव.

पूर्वी असं नव्हतं. हाताने कापणी व्हायची तेव्हा पेंढा धान्याबरोबर घरी यायचा. नंतर कापणीचं यंत्र आलं. ते दाणे घ्यायचं आणि पेंढा रांगांनी मागे टाकून पुढे जायचं. पुढची चवळी पेरायची घाई सगळ्यांनाच, म्हणून काडी.

बाकीच्यांची शेतं समुद्राकडच्या खाडीच्या अंगाला, लांब होती. त्यांचा धूर यायचा, पण पातळ होऊन. गावाच्या ऐन नाकासमोर सहा एकर पसरलेलं शेत होतं लगबग्यांचं. त्यांचं खरं आडनाव फक्त सातबाऱ्यावर उरलं होतं. ते जेवताना उभे राहायचे, चालताना पळायचे आणि दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायचे. गावातली पहिली काडी दर वर्षी त्यांचीच. त्यांनी लावली की मग सगळे लावायचे.

सून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. लगबगे पेरणी यंत्राखाली आडवे पडून बोल्ट आवळत होते. फक्त पाय दिसत होते.

"काका, एक काम होतं."

"बोल."

"तुमच्या शेतातला पेंढा यंदा आम्ही..."

"विकत नाही, नेणारही कुणी नाही, परवा जाळणार," पाय म्हणाले.

"आम्ही नेतो. फुकट उचलून देतो. डोंगराच्या उतारावर बागवाल्या बाई आहेत ना, त्यांना झाडांच्या बुडाशी अंथरायला हवाय. ट्रॉली त्या देतायत. सासूबाई यंदा घरीच राहणार म्हणतायत, म्हणून..."

लगबगे बाहेर आले नाहीत. तिला बसाही म्हणाले नाहीत. ती उन्हात उभी आणि तिचं गाऱ्हाणं दोन पायांच्या समोर. दारात लगबग्यांची बायको हातात केरसुणी घेऊन थांबली होती. तिने काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"हे बघ," शेवटी आवाज आला, "जमिनीत ओल आहे ती आठ-पंधरा दिवसांची. चवळी ओलीवर येते, कुणाच्या दयेवर नाही. तुमच्या घरच्या खोकल्यापायी मी माझी ओल घालवू?"

सुनेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ती हलली नाही. तिथून हलायचं म्हणजे घरी जाऊन पिशवी भरायची, हे तिला ठाऊक होतं. तिने खाली वाकून, यंत्राखाली डोकं घालून विचारलं, "पाना देऊ का दुसरा? तो घसरतोय."

लगबग्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. पाना खरंच घसरत होता. तिने दिलेल्या पान्याने बोल्ट बसला आणि लगबगे गुडघे झाडत उठले.

"दहा दिवस," ते म्हणाले. "जसं रिकामं होईल तसं मी मागून पेरत येणार. अकराव्या दिवशी संध्याकाळी जेवढा पेंढा राहील, त्याला काडी. मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

घरी येताना तिला वाटेतच हिशेब कळला होता: सहा एकर आणि माणसं दोन. तिने तो नवऱ्याला सांगितला नाही. त्यालाही तो येत होता. त्याने नुसते दोन दाताळ्यांचे दांडे ठोकून घट्ट केले आणि एक तिच्या हातात दिलं.

पहाटेचं दव सुकलं की काम सुरू व्हायचं. दाताळ्याने पेंढा ओढायचा, ढीग करायचा, कवेत मावेल तेवढा उचलायचा आणि ट्रॉलीत टाकायचा. नवरा ट्रॉलीत उभा राहून तुडवायचा. पहिल्या दिवशी तिच्या तळव्याला तीन फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिसऱ्या दिवशी तिला कळलं, की दाताळं हातांनी नाही, कमरेने ओढायचं असतं. मानेत, कोपरांच्या आत, कानामागे कुसळं जाऊन बसायची आणि आंघोळ केली तरी खाज जायची नाही. रस्त्यावरून जाणारे थांबायचे. एकाने विचारलं, "सासूसाठी आख्खं रान झाडतेस होय? आमच्या बायकोला जरा शिकव." ती म्हणाली, "पाठवा उद्या. दाताळं तेवढं बरोबर द्या." तो हसत निघून गेला; बायको मात्र आली नाही.

पण एक गोष्ट तिने हिशेबात धरली नव्हती. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी ती दोघं एका शेतात, एका कामाला अशी कधी जुंपलेली नव्हती. तो सकाळी ट्रॅक्टर घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा. इथे दिवसभर तो वर ट्रॉलीत आणि ती खाली. चौथ्या दिवशी तिने फेकलेली भली मोठी कव थेट त्याच्या डोक्यावर पडली. पेंढ्याच्या ढिगातून नुसता आवाज आला, "नेम चांगला आहे." तिला आधी कळेना, की हा विनोद आहे. मग ती इतकी हसली की दाताळ्याला टेकून उभं राहावं लागलं. त्या दिवसापासून तो रोज एखादं वाक्य बोलायला लागला. जपून, एका दिवसाला एक.

बागवाल्या बाई उतारावर वाट बघत असायच्या. उंच, सडपातळ, पुरुषी टोपी घातलेल्या. प्रत्येक ट्रॉली रिकामी झाली, की त्या पेंढ्यावर हात फिरवायच्या. "हा माझ्या झाडांना उन्हाळाभर पांघरूण," त्या म्हणायच्या. "इतकी वर्षं मी इथून बघायची, माझं पांघरूण खाली जळतंय."

घरी म्हातारीने तोवर परसात दोन गादीवाफे बांधले होते. काठ टापटीप, माती चाळून रव्यासारखी केलेली. चार बोटांवर रेघ ओढून ती त्यात कांद्याचं बी सोडायची. पाच मिनिटं वाकायची, दहा मिनिटं पाटावर बसायची. कुणी मदतीला गेलं की "सावली पाडू नका" म्हणायची.

सहाव्या दिवशी संध्याकाळी खाडीच्या अंगाला कुणी तरी लगबग्यांसाठी न थांबता काडी लावली. ट्रॅक्टर घरी येत होता तेव्हाच सुनेला दिसलं: लांबवर करडी पट्टी उठली, वर जाता जाता वाकली आणि आडवी होऊन गावाकडे सरकू लागली. वारा पडलेला होता. ती घरी पोचेपर्यंत डोंगराच्या पायथ्याची झाडं पुसट झाली होती.

म्हातारी पलंगाच्या काठावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. खांदे वर-खाली होत होते. श्वास आत जाताना शिट्टी वाजायची. नवऱ्याने ओली चादर दाराच्या फटीत कोंबली, सुनेने पंप दिला, मग वाफ. म्हातारी बोलू शकत नव्हती, पण डोळे सुनेवर रोखलेले होते आणि त्यांत पिशवीचं नाव काढायची बंदी स्पष्ट दिसत होती. तासाभराने शिट्टी मऊ झाली. तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली, तीन तुकड्यांत. "वाफ्यांवर... पाणी... शिंपडलं का?"

सुनेने शिंपडलं. अंधारात वाफ्यापाशी उकिडवी बसून ती दोन मिनिटं रडली, मग झारी जागेवर ठेवून आत गेली.

सातव्या दिवशी सकाळी धुकं पडलं. समुद्राची ओल आणि डोंगराची थंडी एकमेकींत अडकून बसली होती. पेंढा पिळून काढावा इतका भिजला. ओला पेंढा उचलवत नाही. बागेत नेला तर कुजतो. दिवसभर दोघं बांधावर बसून राहिली. आठव्या दिवशीही तेच. दुपारी ऊन पडलं तेव्हा लगबगे आले. त्यांनी चार एकर मागोमाग पेरून टाकलं होतं. उरलेल्या दोन एकरांवर पेंढा दाट पसरलेला होता.

"होत नाही," ते म्हणाले. यावेळी ते ओरडले नाहीत, आणि तेच सुनेला जास्त लागलं. "तुम्ही कष्ट केलेत, मी आंधळा नाही. पण ओल निघाली. ठरल्याप्रमाणे अकराव्या दिवशी काडी लावतो."

ओला पेंढा अर्धवट वाळला, की सगळ्यात जास्त धूर देतो. हे तिघांनाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी मुलाने जेवताना आईला सांगितलं. त्याचं दिवसाचं वाक्य त्याने त्यासाठी वापरलं. "दोन एकर राहिलं, आई."

म्हातारी अजून थकलेली होती. घास चावता चावता ती म्हणाली, "पण तुम्ही ते काढताय कशाला?"



"काढल्याशिवाय पेरणार कसं?" सून म्हणाली. "यंत्राचे फाळ पेंढ्यात अडकतात."

"यंत्राचे अडकतात. काठी कशाला अडकेल? माझ्या लहानपणी भात निघालं की आम्ही पोरी ओळीने उभ्या राहायचो. काठीने भोक, भोकात दोन दाणे, पायाने दाबलं, पुढे. पेंढा असला तर बाजूला सरकवायचा नुसता. टोकणी म्हणतात तिला. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही कुठं सांगितलंत?"

"मी इथं असते कुठं या दिवसांत?" म्हातारी म्हणाली.

नवव्या दिवशी सकाळी मुलाने आईला ट्रॉलीत खुर्ची ठेवून शेतावर नेलं. नाकावर रुमाल, अंगावर त्याचं जुनं जाकीट. लगबगे आधीच तिथे होते.

"तू का आलीस, आत्या? त्रास होईल."

"इकडे ये, बस खाली," म्हातारी म्हणाली. "बस म्हटलं ना. दोन मिनिटं बसलास तर सूर्य मावळत नाही."

लगबगे बसले. म्हातारीने दोन्ही हातांनी पेंढा बाजूला केला आणि त्यांचा हात धरून खालच्या मातीवर ठेवला. माती काळी, गार, बोटांना चिकटणारी होती. मग तिने शेजारच्या पेरलेल्या तुकड्याकडे बोट दाखवलं. वरची माती पांढरी पडून तिला बारीक भेगा गेल्या होत्या.

"ओल कुणी पळवली, माझ्या खोकल्याने की तुझ्या घाईने? पेंढा राहू दे. तो ओल धरून ठेवेल. यातून टोक."

"दोन एकर हाताने? आणि उगवलं नाही तर?"

"नाही उगवलं तर पुढच्या वर्षी काडी लावायला मी स्वतः येईन."

लगबग्यांनी बोटांना चिकटलेली माती चोळून पाहिली. बांधावर त्यांची बायको उभी होती. ती सावकाश चालत आली, शेताच्या कडेची एक काठी उचलली आणि टोक पाहिलं.

"हिला विळ्याने तासून द्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू कशाला मधे..."

"दर वर्षी काडी लागली की महिनाभर माझा घसा धरतो. रात्री उशाशी पाणी घेऊन झोपते. तुम्ही विचारलं नाही आणि मी बोलले नाही. आता बोलले. तासून द्या."

लगबग्यांनी विळा शोधला. त्यांनी एक काठी तासली, मग दुसरी, मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे सपाट्याने अकरा तासल्या. इतक्या काठ्या झाल्यावर माणसं शोधणं भाग होतं. ते स्वतःच गावात पळाले आणि जिचा नवरा परवा रस्त्यावर थट्टा करून गेला होता, तिच्यासकट सात बायका घेऊन आले.

म्हातारी खुर्चीत बसून ओळ लावत होती. "वीतभर अंतर. वीत माझी नाही, तुमची. दोनच दाणे. तिसरा टाकलात तर तो पहिल्या दोघांशी भांडतो." आधी सगळ्यांचे हात अडखळत होते; कुणाचं भोक खोल, कुणाचे दाणे पेंढ्यात हरवलेले. दुपारपर्यंत ओळीला एक ताल आला. ठक, दाणे, पाय. ठक, दाणे, पाय. कोण कुणाच्या पुढे जातं याची शर्यत लागली, मग कोण कुणाची चेष्टा करतं याची. लगबगे सगळ्यांच्या पुढे होते, पण त्यांचे दाणे एका भोकात तीन, दुसऱ्यात शून्य असे पडत होते. त्यांच्या बायकोने त्यांना ओळीतून काढून पाणी आणायला लावलं. बारा वाजता खारा वारा आला आणि घामेजल्या पाठींना गार वाटलं. दहाव्या दिवशी सूर्य कलायच्या आत शेवटच्या बांधाला काठी टेकली.

अकराव्या दिवशी संध्याकाळी सून उगाचच शेताकडे गेली. लगबगेही तिथेच उभे होते, हात मागे बांधून. वारा पडला, डोंगराची गार हवा उतरली आणि मोकळ्या शेतावर नुसती बसून राहिली.

पुढचे पाच दिवस लगबग्यांनी दिवसातून चार वेळा पेंढा उचकून पाहिला. म्हातारीने निरोप पाठवला, की बाळंतिणीची खोली अशी सारखी उघडू नये. सहाव्या दिवशी सकाळी ते खरोखर पळत आले, एक चप्पल पायात आणि एक हातात. "आत्या, आली. ओळीच्या ओळी."

पेंढ्यातून चवळी वर आली होती, दोन-दोन पानांची, भरगच्च. यंत्राने पेरलेल्या चार एकरांत वरच्या अंगाला मोठमोठी टकलं पडली होती. तिथे पुन्हा टोकावं लागलं. आठवडाभरात लगबगे गावभर सांगत फिरू लागले, की पेंढा न जाळता चवळी कशी घ्यावी, याचा आपण एक नवीनच शोध लावला आहे. म्हातारीने ऐकलं आणि म्हणाली, "लावू दे त्याला शोध. काडी लावण्यापेक्षा बरं." खाडीच्या अंगाच्या तिघांनी येऊन शेत पाहिलं. दोघांनी काठ्या तासून नेल्या. तिसऱ्याने जाळलंच. एक संध्याकाळ पुन्हा दारं लावून बसावं लागलं, पण ती एकच.

डोंगरापलीकडची लेक फोनवरच्या शब्दांवर विश्वास ठेवणारी नव्हती. महिन्याने ती दुपारच्या गाडीने न सांगता येऊन थडकली, आईला घेऊन जायचंच असं ठरवून. घरात कुणी नव्हतं. परसात आवाज येत होता. आई वाफ्याच्या काठावर पाट टाकून बसली होती. पुढे कांद्याचं रोप हिरवंगार, केसांसारखं दाट. दोन बायका तिच्या हुकमाखाली तण काढत होत्या.

"आलीस? हातपाय धू आणि त्या टोकाला बस," आई म्हणाली. "सावली पाडू नकोस."

संध्याकाळी सगळे अंगणात बसले. वर्षाच्या या दिवसांत, या वेळेला अंगणात बसायची सवय कुणालाच नव्हती, त्यामुळे खुर्च्या पुरेनात. समोर डोंगराची कड स्वच्छ दिसत होती, वरच्या बागेतलं एकेक झाड मोजता यावं इतकी. लगबगे बायकोबरोबर आले आणि लेकीला नवखी श्रोती समजून त्यांनी शोधाची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.

"मी हिला म्हटलं, ओल कुठं आहे बघ. पेंढ्याखाली आहे. मग मी विचार केला, यंत्र नको. काठी. आत्यालासुद्धा मीच समजावलं. ती आधी तयार नव्हती."

म्हातारीचा मुलगा उंबऱ्यावर बसला होता. "हो," तो गंभीरपणे म्हणाला, "आणि आईला तुम्हीच जन्माला घातलंत."

मग म्हातारीला हसू फुटलं. आधी पोटात, मग खांद्यांत, मग ती पुढे वाकली, तोंडाला हात लावला, डोळ्यांतून पाणी आलं आणि तिला थांबताच येईना. लेक ताडकन उठली, आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली आणि आईच्या पाठीवर हात चोळू लागली.

म्हातारीने तो हात बाजूला केला, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "बस गं खाली. खोकत नाहीये मी. हसतेय."